दुचाकीवर तहानेची वाट पाहू नका

मे महिन्यात इचलकरंजीहून सोलापूरला मोटारसायकलवर एकटेच निघालात, तर घाम जाणवत नाही. वारा तो लगेच वाळवतो. पारा चाळिशीपुढे गेला की हाच वारा अंग तापवतो. ७० किलोच्या माणसाचे सुमारे दीड लिटर पाणी कमी झाले तरी लक्ष ढळू लागते, आणि मागे बसून ‘थांबा’ म्हणणारे कोणी नसते. म्हणून दर तासाला सावलीत थांबा, अर्धा लिटर पाणी घोटघोट प्या. लांब पल्ल्याला ओआरएस, किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घ्या. हृदय, मूत्रपिंड, रक्तदाबाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी गडद, डोके जड, चक्कर वाटली तर गाडी बाजूला लावून लगेच घरी फोन करा. बोलणे अडखळू लागल्यास १०८ ला.