परीक्षार्थी मुले आणि सत्त्वावजय चिकित्सा

माघ-फाल्गुनाचे दिवस जवळ आले की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एक मागणी हमखास वाढते : "मुलाची दहावी आहे, स्मरणशक्तीसाठी काहीतरी द्या." ब्राह्मी, शंखपुष्पी वा सारस्वतारिष्टाची बाटली पुढे केली जाते आणि व्यवहार तेथेच आटोपतो. ज्याच्यासाठी औषध घेतले, तो विद्यार्थी बहुधा सोबत आलेलाही नसतो. मेध्य द्रव्यांविषयी आम्हांस आदरच आहे. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची आणि शंखपुष्पी यांना चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत स्थान दिले ते विचारपूर्वक. परंतु पालक ज्यास विस्मरण म्हणतात ते पुष्कळदा भय असते, आणि भयासाठी आपल्या शास्त्राने निराळी चिकित्सा सांगितली आहे.

ती म्हणजे सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, ही तिची सूत्रस्थानातील व्याख्या. त्याच स्थानाच्या पहिल्या अध्यायात मानस दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय दिले आहेत. हे प्रत्येक वैद्यास मुखोद्गत असते. रुग्णतपासणीत मात्र ते क्वचितच उतरते.

विमानस्थानातील वयोविचारही येथे पाहण्याजोगा आहे. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात आणि पुढे तिशीपर्यंत मन प्रायः अस्थिर असते, असे तेथे म्हटले आहे. मेंदूच्या पुढील भागाची परिपक्वता पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते, असे आधुनिक विज्ञानही सांगते. तेव्हा पंधरा वर्षांचे मूल घाबरले तर तो त्याचा दुबळेपणा नव्हे. "एवढ्यात काय घाबरायचे?" असे म्हणणे म्हणजे त्याच्या वयाचा स्वभाव नाकारणे होय.

सकारात्मक विचार या शब्दाचा हल्ली फार सुकाळ झाला आहे. "सगळे चांगलेच होईल" असे मुलाकडून वदवून घेण्याने त्याचे भय जात नाही, केवळ लपते. "मला काहीच येत नाही" असे मूल म्हणाले तर त्यास विचारावे, "काहीच म्हणजे नेमके काय रे? गणितातले कोणते प्रकरण अडते?" दोन प्रकरणांवर बोट ठेवता आले की 'काहीच' हा शब्द आपोआप गळून पडतो. यास आम्ही विज्ञानाचा व्यावहारिक उपयोग मानतो. स्मृतीचेही तसेच. पालकांना हवी असते ती पाठांतराची स्मृती. चिकित्सेस उपयोगी पडते ती अनुभवाची. पोहायला शिकताना वाटलेली भीती कशी गेली, मागच्या वर्षी अवघड वाटलेला विषय कसा सुटला, हे मुलाने स्वतः आठवून सांगावे. आपण सांगितलेल्या दहा उपदेशांपेक्षा त्याचा हा एक अनुभव त्यास अधिक धीर देतो. समाधीच्या नावाने मुलास तासभर बसविण्याचे कारण नाही; सावकाश श्वास घेऊन त्याहून अधिक सावकाश सोडणे, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे, एवढे पुरे. मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी आरंभ करू नये, सवय आधीपासून हवी. किशोरवयात आठ ते दहा तास निद्रा आवश्यक असते; रात्री जागून अभ्यास करणाऱ्यास मेध्य औषध देणे म्हणजे फुटक्या घड्यात पाणी भरणे.

पालकांशीही बोलावे लागते. शारीरस्थानात बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे स्पष्ट बजावले आहे. आज राक्षसाच्या जागी शेजारच्या मुलाचे गुण आले आहेत, इतकेच.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक सावधगिरी. अपस्माराचे रुग्ण फेनिटॉइनसोबत शंखपुष्पीयुक्त सिरप घेत असता रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटून झटके पुन्हा सुरू झाल्याची नोंद १९९२ साली प्रसिद्ध झाली आहे. म्हणून मुलास अन्य कोणते औषध चालू आहे काय, हे विचारल्यावाचून बाटली देऊ नये.

आणि सत्त्वावजयाचीही मर्यादा आहे. कित्येक दिवस निद्रा व आहार तुटणे, मित्रांपासून दूर होणे, प्रिय वस्तू वाटून टाकणे, "मी नसतो तर बरे झाले असते" अशी भाषा; यांपैकी काही आढळल्यास मुलाशी एकांतात बोलून, जीव नकोसा वाटतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उत्तर होकारार्थी आल्यास मुलास एकटे सोडू नये, पालकांस तत्काळ सांगावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ साली सुरू झालेली 'टेली-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. मेध्य औषधांच्या फळीशेजारी हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून लावावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे. निकालाच्या दिवसांतही तो काढू नये.