लेखांक ७ : दुधात शिरलेला उजेड

गेल्या आठवड्यात आपण स्टीलच्या वाटीवरची चमक संगणकाकडून काढून घेतली. ते काम सोपं होतं, हे आज कबूल करतो. धातूवर पडलेला उजेड जागच्या जागी परत फिरतो. कुठल्या कोनातून आला आणि कुठल्या कोनात गेला, एवढा हिशोब जमला की वाटी तयार. आता त्याच वाटीत दूध ओता. हिशोब तोच ठेवा, फक्त रंग पांढरा द्या. पडद्यावर जे उमटतं ते दूध नसतं, पांढरा ऑइलपेंट असतो. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा रंगच चुकलाय असं समजून पांढऱ्याच्या छटा बदलण्यात अख्खी दुपार घालवली होती. रंग बरोबर होता. उजेड चुकीच्या ठिकाणाहून बाहेर पडत होता.

हे बघायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवा, काचेच्या पेल्यात दूध घ्या आणि टॉर्च पेल्याला बाजूने टेकवा. उजेडाचा ठिपका टॉर्चएवढाच राहत नाही. भोवतालचं दूधही मऊ उजळतं. म्हणजे किरण एका जागी आत शिरला, आत धडपडला आणि भलत्याच जागी बाहेर आला. या धडपडीला ग्राफिक्सवाले सबसर्फेस स्कॅटरिंग म्हणतात. आपण त्याला ‘आतलं विखुरणं’ म्हणू.

आता दुसऱ्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर दूध ढवळा. टॉर्च एका बाजूने लावून पेला काटकोनातून पाहिला तर पाणी निळसर दिसतं. पेल्याआडून थेट टॉर्चकडे पाहिलं तर तोच उजेड पिवळट-तांबूस होतो. आमची आई पातेल्यात नुसतं डोकावून दूधवाल्याला म्हणायची, “आज निळं दिसतंय हो दूध!” आणि तो भाव न करता मापटंभर जास्त घालायचा. तिचं भौतिकशास्त्र चोख होतं. दुधात स्निग्धांशाचे गोळे असतात, बहुतेक एक ते दहा मायक्रॉनच्या घरातले. केसीन या प्रथिनाचे कण त्यांच्याहून कितीतरी बारीक, साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉनचे. इतके बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात. मोठे गोळे सगळ्या रंगांना जवळपास सारखंच वागवतात, त्यामुळे पांढरेपणा येतो. साय काढून घेतली की मोठे गोळे गेले, निळी झाक वर आली. नुसतं पाणी घातलं तर दोन्ही पातळ होतात. किरणाला पूर्वीइतक्या धडका बसत नाहीत, आणि एरवी पांढऱ्यात झाकलेला निळेपणा उघडा पडतो.

विखुरण्याच्या जोडीला शोषणही असतं. गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात कॅरोटीन असतं. ते थोडा निळा उजेड गिळतं, म्हणून ते दूध पिवळसर दिसतं. म्हशीच्या दुधात ते जवळपास नसतंच. तेव्हा संगणकाला दूध काढायचं तर दर पावलाला एक प्रश्न आला: किरण इथे वळला की गिळला गेला? आणि प्रत्येक रंगासाठी उत्तर वेगळं.

दुधात किरण बाहेर पडेपर्यंत शेकडो वेळा वळतो. प्रत्येक वळण मोजत बसलं तर एका चित्राला तासन्‌तास लागतात. पॅट हॅनरहन आणि वोल्फगांग क्रूगर यांनी १९९३ मध्ये पातळ थरांपुरता हा प्रश्न सोडवला होता, पण दूध काही पातळ थर नव्हे. खरी वाट सापडली २००१ मध्ये. हेन्रिक वान येन्सन, स्टीफन मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि हॅनरहन यांनी ओळखलं की इतक्या धडका खाल्ल्यावर आपण कुठल्या दिशेने आलो होतो हे उजेडाच्या लक्षातच राहत नाही. पाण्यात शाईचा थेंब पसरतो तसा तो पसरतो. मग वळणं मोजायची कशाला? पृष्ठभागाच्या थोडा खाली एक दिवा आहे असं समजायचं आणि पृष्ठभागाच्या वर एक ‘उणा दिवा’, उजेड देण्याऐवजी वजा करणारा. या दोघांच्या बेरजेतून कुठल्या बिंदूवर किती उजेड बाहेर येईल ते झटक्यात निघतं. युक्ती मुळात वैद्यकाकडची. शरीराच्या ऊतींवर उजेड पाडून आतलं काय कळतं, हे शोधणाऱ्यांनी ती वापरली होती.

लेव्हॉय यांची या विखुरण्याशी दुसरीकडूनही गाठ पडली होती. १९९९ मध्ये त्यांच्या चमूने फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिड लेझरने स्कॅन केला. लेझरचा ठिपका संगमरवरात शिरायचा, आत पसरायचा आणि माप किंचित चुकायचं. ज्या गुणामुळे संगमरवर जिवंत वाटतो, त्याच गुणाने मोजणाऱ्यांना सतावलं. २००१ च्या कामात मात्र हे पसरणंच मोजायचं होतं. उजेडाची बारीक शलाका संगमरवरावर, दुधावर, केचपवर, माणसाच्या कातडीवर टाकायची आणि मधल्या ठिपक्यापासून उजेड किती अंतरावर विझतो याचे फोटो घ्यायचे. त्या निबंधातली दुधाच्या पेल्यांची चित्रं मला अजून आवडतात. एकात जुना हिशोब आहे, ते थेट भिंतीला लावायचा रंग दिसतं. दुसरं स्निग्धांश काढलेलं दूध, तिसरं सकस. फरक सांगायला चित्राखालची ओळ वाचावी लागत नाही.

कातडीचंही तेच. बोट टॉर्चवर धरलं की लाल उजळतं, कारण रक्त हिरवा-निळा उजेड गिळतं आणि लाल दूरवर जाऊ देतं. म्हणूनच चेहऱ्यावर नाकाची सावली जिथे संपते तिथे काठाला हलकी तांबूस झाक असते. ती नसली की माणूस मेणाचा वाटतो. २००२ च्या ‘द टू टॉवर्स’ चित्रपटातला गॉलम मेणाचा वाटला नाही, त्यात आतल्या विखुरण्याचा मोठा वाटा होता. येन्सन, मार्शनर आणि हॅनरहन यांना या संशोधनासाठी २००४ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

पण मला मोह आहे तो दुधाचाच. मोजायचं झालं तर घट्ट दूध फार चिवट. त्यात किरण इतक्यांदा वळतो की एका वळणाचा स्वभाव वेगळा काढता येत नाही. २००६ मध्ये श्रीनिवास नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी सरळ उपाय केला: दूध, शाम्पू, कॉफी भरपूर पाण्यात पातळ करायची, एकेका धडकेचा हिशोब मिळवायचा आणि मग तो घट्ट दुधाला लावायचा. वर्षभरात येप्पे फ्रिसवाड, नील्स क्रिस्तेन्सन आणि येन्सन यांनी मोजणंही बाजूला ठेवलं. स्निग्धांश किती टक्के, प्रथिनं किती टक्के, एवढं सांगा. कणांच्या आकारावरून दूध कसं दिसेल ते गणित सांगेल.

ते आकडे वाचताना मला गावच्या डेअरीतली पावती आठवली. आपल्याकडे ‘फॅट किती लागली?’ हा रोजचा प्रश्न. जुना मिल्कोटेस्टर त्याचं उत्तर उजेडाकडूनच काढायचा. दुधाचा नमुना एका द्रावणात पातळ करायचा. त्या द्रावणात केसीनचे कण मोडून पडायचे, म्हणजे विखुरणारे उरले फक्त स्निग्धांशाचे गोळे. मग ते गोळे एकसारखे बारीक करून त्यातून उजेड सोडायचा. पलीकडे जितका कमी पोचला, तितकी फॅट जास्त. ग्राफिक्सवाले फॅटवरून रूप काढत होते, हे यंत्र रूपावरून फॅट. पहाटे साडेपाचला, कॅन घेतलेल्या बायाबापड्यांच्या रांगेसमोर डेअरीतला पोरगा काटा शून्यावर आणायचा, नमुना सोडायचा आणि ओरडायचा, “सहा पॉइंट चार!” पुढचा कॅन सरकायचा.

(पुढच्या आठवड्यात : केस)