हीटर गार? मग गाडी तापणार!

थंडीतला वीकेण्ड, घाटातलं धुकं आणि वीस वर्षांच्या गाडीचा रुसलेला हीटर... हे कॉम्बिनेशन माझ्या वाट्याला आलं आणि ‘पुण्यात हीटर कशाला लागतो?’ या प्रश्नाचं उत्तर चांगलंच कळलं!

‘‘अगं, हीटर लाव ना!’’ मागच्या सीटवरून आई तिसऱ्यांदा म्हणाली.

‘‘लावलाय गं आई!’’ मीही तिसऱ्यांदा म्हणाले.

जानेवारीतला शनिवार, पहाटेचे पावणेसहा. वाई मागे टाकून आम्ही पसरणी घाट चढत होतो. वेण्णा लेकच्या काठी गवतावर गोठलेलं दव बघायचं हे आईचं कित्येक वर्षांचं स्वप्न. त्यासाठी पावणेचारला पुणं सोडलेलं. गाडी कुठली? तर बाबांची २००४ ची सिल्व्हर हॅचबॅक. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये तिचं रजिस्ट्रेशन रिन्यू झालं, २०२४ मध्ये परत एकदा. ‘विकून टाका’ असं घरात कुणी म्हटलं, की बाबा पेपरमध्ये डोकं घालतात. असो!

तर त्या दिवशी हीटर मूडमध्ये नव्हता. सेकंड गिअरमध्ये इंजिन जोरात ओढत असलं, की मस्त ऊबदार वारं यायचं. पुढचा ट्रक अडला, आपण थांबलो, की मिनिटाभरात तेच वारं गार! आणि वारं गार झालं, की समोरची काच आतून धुरकट. मी एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने रुमाल सांभाळत होते. अशातच एका वळणावर समोरून एसटी आली. तिच्या हेडलाइट्सचा उजेड त्या धुरकट काचेवर असा काही पसरला, की दोन सेकंद मला रस्ताच दिसला नाही. कठडा कुठे आणि दरी कुठे... दोनच सेकंद, पण पोटात गोळा आला.

‘‘एसी लाव,’’ बाबा शांतपणे म्हणाले.

इतक्या थंडीत एसी? पण लावला, वाऱ्याची दिशा काचेकडे केली, बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबलं आणि काच साफ! एसी हवेतला दमटपणा शोषून घेतो, म्हणून काच लवकर सुटते. सोबत हीटर गरम असेल तर आणखी लवकर. म्हणजे हीटर हा काही नुसता थंडीचा शौक नाही. पावसाळ्यात ताम्हिणीला जाणाऱ्या मंडळींनी तर हे डोक्यात फिट्ट बसवून घ्यावं.

दव बघितलं, स्ट्रॉबेरी खाल्ली, आई खूश. परतीच्या वाटेवर मात्र मी ठरवलं, की या हीटरचा सोक्षमोक्ष लावायचाच.

‘मॅडम, बायपास करून टाकू’

सोमवारी ऑफिसेस सुरू व्हायच्या आत मी एका गॅरेजमध्ये हजर. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, पुण्यात हीटर लागतोच कुठे? हीटरकडे जाणारे दोन पाइप काढतो, एकमेकांना जोडून टाकतो. तीनशे रुपये. टेन्शनच खतम!’’

खोटं कशाला सांगू? मी जवळजवळ हो म्हणणार होते. साडेदहाला मीटिंग, दुपारी डेडलाइन. तीनशे रुपयांत सुटका कुणाला नको असते? सहज बाबांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, ‘‘आधी पाणी बघितलंस का?’’

मी गाडी तशीच घरी आणली. आणि बरं झालं आणली!

हीटरचा फंडा काय असतो?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं, की गाडीचा हीटर म्हणजे घरच्या गीझरसारखी आत तापणारी कॉइल. पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये तसं नसतं. इंजिन चालताना भरपूर तापतं. ती उष्णता वाहून न्यायला त्यातून कूलंट फिरत असतं. त्याला फिरवतो तो वॉटर पंप. आणि इंजिन पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरतो तो थर्मोस्टॅट, गॅरेजच्या भाषेत ‘वॉल्व’. साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो.

याच गरम कूलंटचा थोडा हिस्सा दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये जातो. हा झाला हीटर कोअर. ब्लोअर त्याच्यावरून वारं ढकलतो आणि तुमचे पाय शेकतात. म्हणजे हीटरची ऊब ही इंजिनकडून आलेली उधारी! त्यामुळे हीटर गार पडला, तर पहिला संशय हीटरवर नाही, तर कूलंटवर घ्यायचा.

आमच्या गाडीचं नेमकं तेच होतं. इंजिनमध्ये कूलंट कमी झालं, की आत हवा शिरते. इंजिन सावकाश फिरत असताना पंपाचा जोर कमी पडतो आणि हीटरपर्यंत हवेचे बुडबुडेच पोचतात. वारं गार. रेस दिली, की पंप जोरात फिरतो, गरम कूलंट पोचतं. वारं गरम. घाटातल्या त्या ‘मूड’मागचं सायन्स हे असं साधं होतं.

बाटली भरलेली, गाडी तहानलेली

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बाबांनी बॉनेट उघडलं. कूलंटची प्लॅस्टिकची बाटली बघितली, तर लेव्हल ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या बरोबर मध्ये. ‘‘बघा, भरलेलं आहे,’’ मी म्हणाले. बाबांनी काही न बोलता रेडिएटरचं झाकण उघडलं. आत चांगली तीन बोटं रिकामी!

असं होऊ शकतं. इंजिन गार होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढून घेतो. पण झाकणाचं रबर गेलेलं असेल किंवा कुठे बारीक गळती असेल, तर बाटलीऐवजी तिथून हवा ओढली जाते. बाटली तशीच भरलेली राहते आणि आपण निश्चिंत!

कूलंट भरलं. हीटर झक्कास! चार दिवसांनी परत तेच रडगाणं. पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंब नाही. मग कूलंट जातंय तरी कुठे?

आता आम्ही बाबांच्या ओळखीच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. काकांनी रेडिएटरच्या तोंडावर हातपंपासारखं एक यंत्र बसवलं आणि दाब दिला. त्यावरचा काटा हळूहळू खाली यायला लागला. काकांनी टॉर्च मारला. ‘‘ताई, हे बघा.’’ वॉटर पंपाच्या कडेला पांढरट-हिरवट खपली धरलेली आणि तिथून अगदी घामासारखं पाझरत होतं. गरम इंजिनवर ते वाफ होऊन उडून जायचं, म्हणून जमिनीवर थेंब नाही.

‘‘पण तापमानाचा काटा तर कधी वर गेला नाही,’’ मी म्हणाले.

‘‘सेन्सर पाण्यात बुडालेला असला तर तो खरं सांगणार ना? पाणी त्याच्या खाली गेलं, तर काटा खुशाल खाली बसून राहील आणि इंजिन आतून भाजेल.’’

मला एकदम पसरणी घाट आठवला. आणखी थोडं कूलंट कमी असतं, तर चढावर इंजिनचं हेड वाकलं असतं, हेड गॅस्केट उडालं असतं. पहाटेच्या अंधारात, वळणावर, आई-बाबांना घेऊन बंद पडलेली गाडी... आणि त्या पोराचं ऐकून तीनशे रुपयांत हीटर बायपास केला असता, तर? गळती तशीच राहिली असती. बंद झाला असता तो फक्त गळतीची खबर देणारा अलार्म.

तुमची गाडी काय म्हणतेय?

तुमच्या किंवा बाबांच्या जुन्या गाडीचा हीटर नाटकं करत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी हे बघून ठेवा. नेमकं लक्षण सांगितलंत, की कुणी तुम्हाला गंडवू शकत नाही.

- वारंच कमी येतंय : कूलंटचा दोष नाही. गाडीत केबिन फिल्टर असेल तर तो चोंदलाय का बघा. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या नंबरवर चालत असेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टर जळालेला असतो.

- थांबल्यावर गार, रेस दिल्यावर गरम : कूलंट कमी, आत हवा किंवा पंप अशक्त. हे टाळू नका.

- हायवेवर कोमट, ट्रॅफिकमध्ये बरा आणि काटा नेहमीपेक्षा खालीच : थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा गाडीत नाहीच. हसू नका! गाडी तापते म्हणून वॉल्वच काढून टाकायची सवय आपल्याकडे अनेक गॅरेजेसना आहे. त्यामुळे इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं.

- इंजिन गरम, पण हीटरचा एक पाइप गरम आणि दुसरा गार : हीटर कोअर चोंदलाय किंवा त्याचा वॉल्व बंद अडकलाय. दोन्ही पाइप गरम असून वारं गार असेल, तर डॅशबोर्डमधली झडप किंवा तिची केबल सुटलीय. पाइपांना हात लावताना सांभाळून, चटका बसतो. ओढणी आणि मोकळे केस फॅनपासून लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो.

- गोडसर वास, काचेवर चिकट थर, पायाखालची मॅट ओली : हीटर कोअर गळतोय. हे लांबणीवर टाकायचं काम नाही.

हे मात्र चुकूनही नको!

गरम इंजिनचं रेडिएटर झाकण उघडू नका. उकळतं कूलंट थेट अंगावर उडतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी भरत राहू नका, आत गंज आणि क्षार धरतात. कूलंटचा डबा वाचा. रेडी-मिक्स नसेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुगाड तुम्ही ऐकला असेल. हीटर कोअरच्या नळ्या बारीक असतात, हळद तिथेच जाऊन बसू शकते. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड पण विषारी असतं आणि कुत्री चाटतात. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून, हीटर लावून झोपायचं तर अजिबात नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड आत आला, तर वाससुद्धा येत नाही.

एक ट्रिक मात्र लक्षात ठेवा. घाटात कधी काटा लाल रेषेकडे सरकायला लागला, तर एसी बंद करा, हीटर फुल्ल गरम आणि ब्लोअर फुल्ल करा. हीटर कोअर जादा रेडिएटरसारखा काम करतो. मग सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा. घाम फुटेल, पण इंजिन वाचू शकतं!

आमच्या गाडीत नवा वॉटर पंप बसला. टायमिंग बेल्ट तसाही उघडावाच लागणार होता, म्हणून तोही बदलून घेतला. नवं कूलंट भरल्यावर काकांनी गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटर फुल्ल करून, आतली सगळी हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. बिल सात हजारांच्या आत. तीनशेच्या तुलनेत जास्तच, पण हेड उघडायच्या खर्चापुढे काहीच नाही.

फेब्रुवारीत आम्ही परत पाचगणीला गेलो. तीच पहाट, तोच पसरणी घाट. मध्येच एक टेम्पो आडवा आला म्हणून पाच मिनिटं थांबलो. काच लख्ख, वारं गरम.

मागून आवाज आला, ‘‘अगं, जरा कमी कर ना तो हीटर, उकडतंय!’’