ताइशान पर्वत आणि दाई मंदिर

चीनच्या शानतुंग प्रांतात सुमारे १,५३० मीटर उंचीचा ताइशान उभा आहे. ताओ धर्मात पवित्र मानलेल्या पाच महापर्वतांपैकी हा पूर्वदिशेचा पर्वत. सूर्य या दिशेला उगवतो म्हणून येथील देव जन्माचा अधिपती, आणि मृतांचे आत्मे अखेर याच डोंगराकडे येतात म्हणून मृत्यूचाही अधिपती, अशी श्रद्धा हान काळापासून रूढ आहे. उंचीत त्याला मागे टाकणारे पर्वत चीनमध्ये कितीतरी आहेत, परंतु राज्यसत्तेशी इतका घट्ट बांधला गेलेला दुसरा पर्वत तेथे नाही.

या संबंधाचे मूळ ‘फंग-शान’ नावाच्या विधीत आहे. सम्राटाने स्वतः शिखरावर मातीचा चौथरा रचून आकाशाला आणि पायथ्याजवळच्या टेकडीवर पृथ्वीला बली अर्पण करायचा व आपले राज्य स्वर्गाच्या संमतीने चालले असून प्रजा सुखी आहे, असे निवेदन करायचे, असे त्याचे स्वरूप होते. छिन श हुआंगने इ.स.पू. २१९ मध्ये, हान वूतीने इ.स.पू. ११० मध्ये, तर थांग वंशाच्या श्युआनचुंगने इ.स. ७२५ मध्ये तो केला. मात्र एवढा मोठा दावा करण्याचे धाडस फार थोड्या सम्राटांना झाले. सुंग वंशाच्या चनचुंगने १००८ मध्ये तो केला, तेव्हा उत्तरेकडील खितान राज्याला दरवर्षी चांदी आणि रेशीम देण्याचा तह होऊन अवघी तीन वर्षे लोटली होती, आणि गमावलेली प्रतिष्ठा परत मिळवण्याची धडपड त्यामागे स्पष्ट दिसते. त्याच्यानंतर कोणत्याही सम्राटाने हा विधी केला नाही.

पायथ्याच्या ताइआन नगरातील दाई मंदिर हे पर्वतदेवाचे स्थान. त्याचे ‘थिएनख्वांग’ हे मुख्य सभागृह परंपरेनुसार १००९ मध्ये उभारले गेले. दुहेरी छप्पर आणि राजवाड्यांसाठी राखीव असलेली पिवळी चकाकती कौले यांमुळे त्याचा दर्जा दुरूनच ओळखू येतो. आतील सुमारे ६२ मीटर लांबीचे भित्तिचित्र विशेष पाहण्यासारखे आहे, कारण त्यात पर्वतदेव लवाजम्यासह नगरफेरीला निघतो आणि परततो तो थेट सम्राटाच्या थाटात. १०११ मध्ये चनचुंगने या देवाला ‘सम्राट’ ही पदवीच बहाल केली होती. मिंग वंशाच्या संस्थापकाने मात्र, देवांना पदव्या देणे हा माणसाचा अधिकार नव्हे या भूमिकेतून, १३७० मध्ये ती काढून घेतली.

चनचुंगच्या १००८ मधील त्या यात्रेत शिखराजवळच्या एका तळ्यात कन्येची दगडी मूर्ती सापडली आणि तिच्यासाठी देवळी उभारली गेली, असे सांगितले जाते. पुढे बीश्या युआनच्युन या नावाने पुजली गेलेली ही देवी संतान देणारी व बाळंतिणींना राखणारी म्हणून स्त्रियांना फार जवळची झाली, आणि मिंग काळात तिच्या यात्रेला एवढी गर्दी लोटू लागली की १५१६ पासून सरकारने यात्रेकरूंवर धूप-कर बसवला. शिखरावर वारा इतका जोरदार असतो की तिच्या मंदिराच्या छपरांवर कांस्याची आणि लोखंडाची कौले घालावी लागली.

सम्राट छ्यानलुंग गादीवर आल्यावर १७३५ मध्ये हा धूप-कर उठवण्यात आला. या सम्राटाने ताइशानच्या अनेक वाऱ्या केल्या, १७७० मध्ये दाई मंदिराची मोठी डागडुजी करवली, परंतु फंग-शान केला नाही. उलट देवीच्या पूजेसाठी चौथ्या चांद्रमासात दरबाराचा प्रतिनिधी शिखरावर पाठवण्याचा प्रघात त्याच्या कारकिर्दीत पडला.