रंगवलेल्या संख्या: एकरंगी आणि इंद्रधनुषी उकली

१, २, ३, ४ अशा नैसर्गिक संख्यांना प्रत्येकी एक रंग द्यायचा आणि क + ख = ग यासारखे एखादे समीकरण घेऊन त्याच्या उकलीतील संख्यांचे रंग पाहायचे. तिन्ही संख्या एकाच रंगाच्या असतील तर ती उकल एकरंगी, तिन्हींचे रंग वेगळे असतील तर इंद्रधनुषी. रॅम्से सिद्धांत या शाखेतले हे प्रश्न शाळकरी मुलालाही समजतात. पण प्रश्न समजला की उत्तरही समजले असे वाटू लागते, आणि या विषयातले बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

पहिला गैरसमज असा की, पुरेशा हुशारीने रंग दिले तर एकरंगी उकल कायमची टाळता येते. लाल आणि निळा असे दोनच रंग घेऊन हे तपासता येते. १ ला लाल रंग दिला, तर १ + १ = २ असल्यामुळे २ निळा हवा. २ + २ = ४, म्हणून ४ लाल. १ + ३ = ४, म्हणून ३ निळा. आता ५ ला रंगच उरत नाही: लाल दिला तर १ + ४ = ५ ही एकरंगी उकल होते, निळा दिला तर २ + ३ = ५. म्हणजे दोन रंगांची मजल ४ पर्यंतच. क आणि ख वेगवेगळेच हवेत अशी अट घातली, तर ती ८ पर्यंत जाते (१, २, ४, ८ लाल, ३, ५, ६, ७ निळे) आणि ९ वर अडते.

रंग वाढवले तरी सुटका नाही. रंग कितीही असोत, त्यांची संख्या मर्यादित असली की एका टप्प्यानंतर एकरंगी उकल अटळ असते, हे इसाय शूर यांनी १९१६ साली सिद्ध केले. हा प्रकार म्हणजे नुसते कोडे, ही समजूतही त्यांच्या त्या लेखाकडे पाहिल्यावर टिकत नाही. शूर यांचे लक्ष फर्माच्या कⁿ + खⁿ = गⁿ या समीकरणावर होते. मूळ संख्येने भागल्यावर येणाऱ्या बाक्यांपुरता विचार केला, तर कोणत्याही घातांकासाठी पुरेशा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येला फर्माच्या समीकरणाची शून्येतर उकल मिळतेच, हे त्यांना दाखवायचे होते. रंगांचे प्रमेय त्या वाटेवरची पायरी होती.

शूर यांची युक्ती महाराष्ट्रातल्या अनेक विद्यार्थ्यांना ऑलिंपियाडच्या तयारीत भेटते. देशातल्या या स्पर्धांचे काम मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालते, आणि १९९६ ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईतच झाली. १९७८ च्या ऑलिंपियाडमधला सहावा प्रश्न असा होता: एका संस्थेत सहा देशांचे १९७८ सभासद आहेत, त्यांना १ ते १९७८ क्रमांक दिले आहेत. निदान एका सभासदाचा क्रमांक त्याच्याच देशातील दोघांच्या क्रमांकांची बेरीज किंवा एकाच्या क्रमांकाची दुप्पट असतो, हे सिद्ध करा. देशांच्या जागी रंग ठेवले की हे शूर यांचेच प्रमेय.

एका देशाचे निदान ३३० सभासद असणार, कारण ६ × ३२९ म्हणजे फक्त १९७४. त्यांतल्या सर्वांत मोठ्या क्रमांकातून बाकीचे वजा केले की ३२९ फरक मिळतात. यातला एखादा फरक त्याच देशात असेल तर काम झाले. नसेल तर सगळे फरक उरलेल्या पाच देशांत वाटले जातात, आणि एका देशात निदान ६६ येतात. त्यांचे फरक पुन्हा काढायचे. फरकांचे फरक हे मूळ क्रमांकांचेही फरकच असतात, त्यामुळे सोडलेला आधीचा देश पुन्हा उपयोगी पडत नाही. ६६ वरून १७, १७ वरून ६, मग ३, आणि शेवटच्या देशात २. त्या दोघांच्या फरकाला जायला सातवा देशच नाही. या सिद्धतेला वजाबाकी आणि वाटणी याखेरीज काहीही लागत नाही. एवढ्या कमी साधनांत इतकी खोल गोष्ट हाती देणाऱ्या सिद्धता गणितात फार थोड्या आहेत.

आता काही जण उलट टोकाला जातात: एकरंगी उकल अटळ, तर ती प्रत्येक समीकरणाची अटळ. तसे नाही. ख = २क हे समीकरण घ्यावे. संख्येला २ ने किती वेळा निःशेष भाग जातो ते मोजायचे. सम वेळा गेला तर लाल, विषम वेळा गेला तर निळा. संख्या दुप्पट होताच रंग बदलतो, म्हणून एकरंगी उकल कधीच सापडत नाही. कोणते समीकरण कोणत्या बाजूला पडते, याचा निकाल शूर यांचे शिष्य रिचर्ड राडो यांनी १९३३ साली लावला. सगळी पदे एका बाजूला आणल्यावर काही सहगुणकांची बेरीज शून्य होत असेल, तर आणि तरच एकरंगी उकल अटळ असते. क + ख − ग = ० मध्ये १ आणि −१ मिळून शून्य होतात. क + ख = ३ग मध्ये १, १ आणि −३ यांतून कोणतेही निवडले तरी शून्य होत नाही, म्हणून ते चार रंगांत टाळता येते: संख्येतून ५ चे सगळे अवयव काढून टाकायचे आणि जे उरेल त्याला ५ ने भागल्यावर येणारी बाकी हाच तिचा रंग.

ज्या रंगाच्या संख्या जास्त, त्यातच उकल सापडणार, हा समज तर्कशुद्ध वाटतो, पण तोही अपुरा आहे. विषम संख्या सर्व संख्यांच्या निम्म्या आहेत, तरी दोन विषम संख्यांची बेरीज विषम नसतेच. अंकगणिती श्रेढीच्या बाबतीत मात्र तो खरा ठरतो. नैसर्गिक संख्यांचा ठरावीक हिस्सा, मग तो कितीही लहान असो, ज्या संचात आहे त्यात हव्या तितक्या लांबीची श्रेढी असते, हे एंड्रे सेमेरेदी यांनी १९७५ साली सिद्ध केले.

मर्यादा अस्तित्वात आहे म्हणजे ती संगणकावर चटकन मोजता येईल, असेही मानले जाते. क + ख = ग साठी दोन, तीन आणि चार रंगांची मजल अनुक्रमे ४, १३ आणि ४४ पर्यंत आहे. पाच रंगांची १६० ही मजल मारिन हॉयले यांनी २०१७ साली ठरवली, आणि तिच्या सिद्धतेने सुमारे दोन पेटाबाइट जागा घेतली. सहा रंगांची मजल निदान ५३६ आहे, पण नेमकी किती ते अजून ठरलेले नाही. २०१६ मध्ये हॉयले, ऑलिव्हर कुलमन आणि व्हिक्टर मारेक यांनी पायथागोरसच्या त्रिकुटांचा दोन रंगांचा प्रश्न सोडवला: ७८२४ पर्यंत एकरंगी त्रिकूट टाळता येते, ७८२५ पर्यंत नाही. २०० टेराबाइटची ही सिद्धता म्हणजे ‘पुष्कळ उदाहरणे तपासून पाहिली’ असा प्रकार नव्हे. तिच्यात एकही शक्यता सुटलेली नाही, आणि स्वतंत्र प्रोग्रॅमने ती पडताळता येते.

इंद्रधनुषी उकलींबद्दलचा मुख्य गैरसमज म्हणजे, तीन रंग भरपूर वापरले की त्या आपोआप मिळतात. विषम संख्या लाल, ४ ने भाग जाणाऱ्या हिरव्या आणि उरलेल्या सम संख्या निळ्या रंगवाव्यात. तीन वेगळ्या रंगांच्या संख्या घेतल्या की त्यांत एकच विषम असते, आणि क + ख = ग मध्ये एकच संख्या विषम असणे शक्य नाही. त्यामुळे रंग अखंड पसरलेले असूनही इंद्रधनुषी उकल एकही नाही. यात निळ्या आणि हिरव्या संख्या प्रत्येकी एक चतुर्थांश आहेत, आणि हीच नेमकी सीमा आहे. १ ते न या संख्यांत प्रत्येक रंगाचा वाटा एक चतुर्थांशाहून जास्त असेल तर इंद्रधनुषी उकल मिळतेच, असे शोनहाइम यांचे १९९० चे प्रमेय सांगते. एकरंगी उकलीला रंगांची संख्या मर्यादित असणे पुरते. इंद्रधनुषी उकलीला रंगांची वाटणीही बरीचशी समतोल लागते.

ही सीमासुद्धा समीकरणागणिक बदलते. तीन पदांच्या अंकगणिती श्रेढीसाठी, म्हणजे क + ख = २ग साठी, ती सुमारे एक षष्ठांश आहे. ६ ने भागल्यावर बाकी १ येणाऱ्या संख्या लाल, ४ येणाऱ्या निळ्या आणि बाकी सगळ्या हिरव्या रंगवल्या, तर इंद्रधनुषी श्रेढी मिळत नाही. सर्वांत लहान रंगाचा वाटा या सीमेच्या वर गेला की ती अटळ होते, हे मारिया अ‍ॅक्सेनोविच आणि दिमित्री फोन-देर-फ्लास यांनी २००४ साली दाखवले. तीन रंगांवरून चार रंगांचा अंदाज बांधायला गेले तर मात्र फसगत होते: चार रंग अगदी समसमान वाटूनही चार पदांची इंद्रधनुषी श्रेढी टाळणारी रंगवणी करता येते.