पिल्लांना हलता घास हवा

माणिकपूरच्या माणसाला मिठागरं नवी नाहीत. अशाच खारट पाण्यात आर्टेमिया नावाचा सेंटिमीटरभर लांबीचा कवचधारी जीव वाढतो; मुंबईतल्या त्याच्या आढळाची नोंद १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्याची सुकी अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात. कोमट खाऱ्या पाण्यात टाकून हवा सोडली की साधारण २४ तासांत केशरी ठिपके वळवळू लागतात. प्रयोगशाळेतल्या झेब्रा माशांचं हे जगभर रुळलेलं खाणं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या माशांवर संशोधन चालतं.

पण रोज अंडी उबवा, गाळा, धुवा. त्याला रविवार नाही. अंड्यांचा प्रत्येक लॉट सारखा निघत नाही. शिवाय जिवंत खाद्यातून रोगजंतूही टाकीत शिरतात.

म्हणून कोरडी भुकटी. पाचव्या दिवसाच्या सुमारास माशाच्या पिल्लाची पिवळ्या बलकाची शिदोरी संपत येते आणि तोंड एवढंसं, त्यामुळे कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहून बारीक लागतो. खरी अडचण वेगळीच: पिल्लू हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतं, भुकटी हलत नाही. ती तळाशी बसून कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो. झेब्रा माशाला जठरच नसल्यानं एकदाच भरपूर खाऊ घालूनही भागत नाही. थोडं थोडं, अनेकदा द्यावं लागतं.

मला मधला मार्ग पटतो: सुरुवातीचे दिवस रोटिफर हे जिवंत सूक्ष्मजीव, मग हळूहळू भुकटी. आर्टेमियाला पूर्ण फाटा देणाऱ्या प्रयोगशाळाही आता आहेत.