घरभाड्याचा आकडा

बेळगावच्या वडगावात विणकराचे घर म्हणजे नुसता निवारा नव्हे. माग जेथे बसविलेला, त्याच छपराखाली चूल आणि संसारही. असे घर भाड्याचे असले, तर भाडे वाढताच निवारा व धंदा ही दोन्ही डळमळतात. अशा अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूस शासनाने दोन प्रकारे साहाय्य करता येते : भाडे बांधून देणे, किंवा भाडे भरण्यास पैसा देणे.

बेळगावात पहिला मार्ग अवलंबिला गेला. मुंबई राज्याच्या १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच सामान्यतः प्रमाण भाडे मानले. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला व तेथे १९६१ चा भाडेनियंत्रण कायदा आला. अशा कायद्यांनी भाडेकरूस आधार दिला खरा. परंतु गोठलेल्या भाड्यात कौले शाकारणेही परवडेना, तेव्हा मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. पुढे कर्नाटकाच्या १९९९ च्या कायद्याने भाड्याचीच मर्यादा घातली : काही शहरांत दरमहा ३,५०० रुपये, इतरत्र २,०००. त्याहून अधिक भाड्याची घरे संरक्षणाबाहेर राहिली. बाजारातील भाडी चढत गेली, तसतसे हे छत्र आकसत गेले.

दुसरा मार्ग ब्रिटनचा. तेथे खासगी घरांतील गरजू भाडेकरूंसाठी २००८ पासून स्थानिक दर ठरविले जातात. एखाद्या भागातील सारख्या आकाराची शंभर घरे भाड्याच्या चढत्या क्रमाने मांडली, तर तिसाव्या घराचे भाडे हा २०११ पासून दराचा पाया झाला. मात्र २०१६ ते २०२० या काळात हे दर गोठविले गेले. भाडी वाढली आणि उरलेली रक्कम भाडेकरूच्या खिशातून जाऊ लागली.

भारतात २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत गृहकर्जाच्या व्याजावर सवलत मिळाली. परंतु ज्याची ऐपत कर्ज काढण्याइतकीही नाही, त्या भाडेकरूच्या हाती त्या सवलतीतून काहीच पडले नाही.

तात्पर्य, मार्ग कोणताही असो, आकडा एकदा ठरवून विसरता येत नाही. तो भाड्याबरोबर व दुरुस्तीच्या खर्चाबरोबर हलला पाहिजे. आणि साहाय्य मागण्यापूर्वी भाडेकरूपाशी लेखी करार व भाड्याची पावती हवी. कारण तोंडी व्यवहारातील भाडेकरू कायद्याच्या दृष्टीस सहसा पडतच नाही.